हौसेचे कष्ट

सुखवस्तू माणसाने केवळ हौसेखातर अंगमेहनत करावी, यात कौतुक करण्याजोगे काही आहे काय. आणि नसल्यास, निदान दोष देण्याजोगे तरी काही आहे काय, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. ज्याला डोंगर चढावयाचा असेल त्याने चढावा, ज्याला परसात चार वांगी लावावयाची असतील त्याने ती लावावी. कोणाचे काय बिघडते? परंतु कोणाचे काही बिघडत नाही एवढ्यावरून एखाद्या गोष्टीचा नैतिक विचार संपला असे मानण्याची सवय आपणांस अलीकडे लागली आहे, आणि ती मला फारशी भरवशाची वाटत नाही. माणसाच्या करमणुकीवरून त्याची जेवढी पारख होते तेवढी त्याच्या उद्योगावरून होत नाही. उद्योग पुष्कळदा गरज ठरविते. करमणूक ज्याची तोच ठरवितो.

हा प्रश्न मला कोणा तत्त्वज्ञाच्या ग्रंथात प्रथम भेटला नाही. काही वर्षांपूर्वी आतकरवाडीकडून सिंहगड चढत असता, अर्ध्या वाटेवर ताक विकावयास बसलेल्या एका बाईने तो मला घातला. आम्ही उभयतां तेथे दम खाण्यास टेकलो होतो. ‘काका, गाडी तर थेट वरपर्यंत जाती. मग ही चढण कशापायी चढता?’ असे तिने विचारले. व्यायाम होतो, हवा चांगली असते, असे काहीसे नेहमीचे उत्तर मी दिले. त्यावर ती म्हणाली, ‘मला गाडीचं भाडं परवडलं असतं, तर ही ताकाची कळशी मी डोक्यावरून वर आणली असती व्हय?’ तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिला खरोखरीच नवल वाटत होते. एकच चढण, एकच ऊन, पायांना तोच दगडगोट्यांचा रस्ता. आणि जे एकीला टाळता आले तर हवे होते, ते दुसरा भल्या पहाटे उठून, घरचे अंथरूण सोडून, मुद्दाम शोधीत आला होता.

आमच्या या हौशीचा पसारा मोठा नाही. बहुतेक रविवारी आम्ही दोघे सिंहगड तरी चढतो किंवा वेताळ टेकडी तरी पालथी घालतो; इतर दिवशी घराजवळच्या टेकडीवर तासभर फिरणे होते. घरामागे वीस फूट लांब व बारा फूट रुंद असा जमिनीचा तुकडा आहे, त्यात मेथी, वांगी, मिरची, भेंडी व टोमॅटो होतात, आणि कुंपणावर दोडका, घोसाळी व कारली यांचे वेल चढविलेले असतात. भाजी घरापुरती होते असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. मेथी पेरल्यापासून तीन-चार आठवड्यांत काढावयास येते व चार दिवसांत संपते. वांग्यांना शेंडे पोखरणारी अळी लागली की निम्मे पीक तिचे. आणि टोमॅटो पिकू लागले की त्याच सुमारास मंडईतले टोमॅटोही मातीमोल झालेले असतात. शेणखत, निंबोळी पेंड, बी व पाणी यांचा खर्च मांडला तर आमचे वांगे बाजारातल्या वांग्यापेक्षा महागच पडते. हा हिशोब आम्ही एकदाच मांडला. पुन्हा मांडण्याची गरज वाटली नाही.

या बाबतीत अमेरिकन लेखक थोरो आमच्याहून चोख होता. १८४५ साली तो वॉल्डन तळ्याकाठी झोपडी बांधून राहिला आणि जवळच्या सुमारे अडीच एकरांत त्याने मुख्यतः घेवडा लावला. त्याच्या सऱ्या एकापुढे एक मांडल्या तर सात मैल होतील असे त्याने लिहून ठेविले आहे, आणि पहिल्या वर्षीच्या शेतीचा जमाखर्चही अर्ध्या सेंटपर्यंत दिला आहे: खर्च १४ डॉलर साडेबाहत्तर सेंट, उत्पन्न २३ डॉलर ४४ सेंट, शिल्लक ८ डॉलर साडेएकाहत्तर सेंट. या आकड्यांवर लोक पुष्कळ लुब्ध झाले आहेत. परंतु त्याच जमाखर्चात नांगरटीसाठी बैलजोडी व माणूस भाड्याने आणल्याची रक्कम आहे आणि ती एकूण खर्चाच्या निम्म्याहून अधिक आहे, हे थोड्यांच्या लक्षात राहते. झोपडी ज्या जागेवर होती ती जागा त्याच्या मित्राची, म्हणजे एमर्सनची, होती. मी थोरोला कमी लेखण्यासाठी हे सांगत नाही. त्याने स्वतः यातले काही लपविले नाही. सांगावयाचे ते इतकेच की, स्वावलंबनाच्या अत्यंत शुद्ध प्रयोगाखालीही कोणाची तरी जमीन आणि कोणाचे तरी बैल असतात.

आमच्या तुकड्याखालीही काही आहे. माझ्या आजोबांची सातारा जिल्ह्यात थोडी जमीन होती. ती कुळे कसत; आजोबा खंड घेत. आजोबांच्या हाताला नांगराचा घट्टा कधी पडला नाही, आणि तो पडावा असे त्यांच्या पिढीतल्या कोणाच्या मनातही आले नसेल. पुढे १९४८ चा कूळकायदा आला आणि १९५७ च्या १ एप्रिलला, म्हणजे कृषकदिनी, कसणारा हाच जमिनीचा मालक ठरला. आमच्या घरात या गोष्टीची हळहळ मी लहानपणी पुष्कळ ऐकली आहे. कायदा न्याय्य होता असे माझे मत आहे, आणि वडीलधाऱ्यांच्या हळहळीने त्यात फरक पडलेला नाही. पण पाहा कसे नवल आहे: ज्यांना जमीन होती तेव्हा मातीत हात घालावासा वाटला नाही, त्यांच्याच नातवाला ती गेल्यानंतर दोनशे चाळीस चौरस फुटांत खुरपे घेऊन बसावेसे वाटते. माती जोवर उत्पन्नाचे साधन होती तोवर ती इतरांच्या हातांची गोष्ट होती. ती उत्पन्नाचे साधन राहिली नाही तेव्हा कोठे ती आमच्या आवडीची झाली. यात काही तरी खोट आहे, असे कोणी म्हटल्यास त्याला हसून वाटेस लावता येणार नाही.

ही खोट म्हणजे सोंग होय, असा एक पक्ष आहे. फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिने व्हर्सायच्या बागेत १७८३ पासून एक लहानसे खेडे वसविले होते. त्यात गोठा होता, दुधाचे घर होते, आणि दरबाराला कंटाळा आला की राणीसाहेब तेथे जाऊन ग्रामीण जीवनाचा आस्वाद घेत. फ्रान्सच्या खऱ्या खेड्यांत त्याच काळी भाकरीची काय अवस्था होती हे इतिहासाला ठाऊक आहे. आमची वांगी आणि राणीचा गोठा यांत तत्त्वतः भेद तो काय?

भेद आहे, परंतु तो आपोआप राहत नाही. तो राखावा लागतो. श्रमाकडे नुसते श्रम म्हणून पाहिले तर माझी कुदळ आणि शेतकऱ्याची कुदळ सारखीच जड. अंतर आहे ते तोट्यात. माझ्या वांग्यांना कीड लागली तर मी पिशवी घेऊन मंडईत जातो. त्याच्या वांग्यांना कीड लागली तर त्याला सावकाराकडे किंवा सोसायटीकडे जावे लागते. टोमॅटोचा भाव पडला म्हणजे तोडणीची मजुरी व गाडीभाडेही सुटत नाही म्हणून शेतकरी माल रस्त्यावर ओतून घरी जातो, हे आपण वर्तमानपत्रांतून वारंवार वाचतो. मला माझे टोमॅटो रस्त्यावर ओतण्याचा प्रसंग कधी येणार नाही, आणि एवढ्या एका गोष्टीने आम्हा दोघांचे टोमॅटो दोन निराळ्या जातींचे होतात. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पुरा केला त्याला आता एकशे चाळीसहून अधिक वर्षे लोटली. परंतु नांगराच्या एका बाजूला कष्ट व दुसऱ्या बाजूला फळ अशी जी फारकत त्यांनी दाखविली ती सर्वस्वी जुनी झाली आहे असे म्हणवत नाही. म्हणून, परसात सहा रोपे लावल्याबरोबर ‘आम्हांस शेतकऱ्याचे दुःख कळू लागले’ असे जे सद्गृहस्थ बैठकीत सांगू लागतात, त्यांच्या रोपांविषयी मला आदर असला तरी त्या वाक्याविषयी नाही. नदीत हौसेने पोहणारा माणूस बुडणाऱ्याची थट्टा करीत नसतो, आणि लोक बुडतात म्हणून कोणी पोहूच नये असेही नाही. मात्र पोहून वर आल्यावर आपण बुडण्याचा अनुभव घेतला असे त्याने सांगू नये. सोंग पोहण्यात नसते. ते सांगण्यात असते.

येथवर मी शेतकरी व हौशी माळी यांच्यातील अंतराविषयी बोललो. परंतु असेच एक अंतर खुद्द घराच्या चार भिंतींतही असते, आणि त्याकडे या विषयावर लिहिणाऱ्यांनी सहसा डोळेझाक केली आहे. टॉल्स्टॉयने उतारवयात शारीरिक श्रमाचे व्रत घेतले. तो शेत नांगरी, जोडे शिवी, आपल्या मिळकतीचा मोह टाकावा म्हणे; आणि १८८३ मध्ये त्याने त्या मिळकतीच्या कारभाराचे मुखत्यारपत्र पत्नीच्या हाती दिले. म्हणजे नांगर त्याचा आणि विवंचना तिची. मुलांची आजारपणे, नोकरमाणसांचे पगार, पुस्तकांच्या आवृत्त्या, हे सर्व तिने पाहिले; आणि साधेपणाचा लौकिक जगभर झाला तो त्याचा. टॉल्स्टॉयचे विचार यामुळे खोटे ठरतात असे नाही. पण स्वेच्छेने घेतलेला एकाचा भार दुसऱ्याच्या अनिच्छेने वाहिलेल्या भारावर उभा राहू शकतो, ही गोष्ट त्यावरून स्वच्छ दिसते.

आमच्याकडे बागेची कल्पना निघाली तेव्हाच माझ्या पत्नीने मला विचारले होते, ‘अहो, तुमची हौस रविवारी असते, झाडांची तहान रोज असते. तिचे काय?’ या एका वाक्यात मला गृहस्थाश्रमाचे अर्धे नीतिशास्त्र दिसते. खणणे, वाफे बांधणे, मांडव घालणे ही कामे पुरुषांना प्रिय असतात, कारण ती एका दिवसात होतात, अंगाला घाम आणतात आणि पाहुण्यांना दाखविता येतात. पाणी घालणे दाखविता येत नाही. ते आज घातले तरी उद्या पुन्हा असतेच. म्हणून आमच्या घरी पाण्याच्या पाळ्या आधी ठरल्या आणि वाफे नंतर झाले. एक आठवडा तिचा, एक आठवडा माझा. गडावर जाण्याच्या दिवशी डबा कोणी करावयाचा यावरही बोलणे झाले. पहाटे साडेचारला उठून भाकऱ्या थापावयाच्या आणि मग दमलेल्या अंगाने चढण चढावयाची, ही जर एकीची सहल असेल तर ती दुसऱ्याची सहल नव्हे. त्यामुळे आम्ही गूळ-शेंगदाणे व केळी घेऊन निघतो आणि भाकरी वाटेत मिळाली तर विकत घेऊन खातो. अर्थात ती भाकरीदेखील कोणी तरी पहाटे उठून भाजलेलीच असते. कष्टाचा हा धागा असा ओढीत गेले तर त्याचे दुसरे टोक हाती लागत नाही. तो ओढू नये असे माझे म्हणणे नाही. निदान पैसे देताना घासाघीस करू नये एवढे तरी त्यातून निघते.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे, आणि तो आमच्याच परंपरेच्या तोंडून काढता येतो. शहरातली माणसे आठवड्याला डोंगरात जातात ती कर्तव्यापासून पळून जातात, हा तो आक्षेप. आमच्या शास्त्रकारांना अरण्याची ओढ अपरिचित नव्हती. परंतु त्यांनी तिला एक आश्रम नेमून दिला आणि त्याची किंमतही ठरवून ठेविली. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात वानप्रस्थाने पत्नीला मुलांच्या स्वाधीन करून जावे किंवा तिला बरोबर घेऊन जावे अशी दोहोंची मोकळीक आहे. म्हणजे जोडप्याने मिळून रानात जाणे ही काही विलायतेहून आलेली कल्पना नव्हे. (पत्नीची इच्छा काय, हे विचारण्याचे शास्त्रकारांस सुचलेले दिसत नाही, असो.) त्याच अध्यायात पुढे असेही सांगितले आहे की, नांगरलेल्या जमिनीत पिकलेले अन्न वानप्रस्थाने खाऊ नये. मला हा नियम फार मार्मिक वाटतो. ज्याला गाव सोडावयाचा आहे त्याने गावाचे अन्नही सोडावे. रानाचा आनंद आणि नांगराची भाकरी ही दोन्ही एकाच वेळी पदरात पाडून घेऊ नयेत. या कसोटीवर आमचा रविवारचा वानप्रस्थ सपशेल उतरत नाही. तो सकाळी सहाला लागतो, दुपारी बाराला संपतो, आणि दोन्ही वेळा नांगरलेल्या जमिनीचेच खातो.

परंतु आपण त्याला वानप्रस्थ म्हणतोच कशाला? मला वाटते, येथे चूक डोंगरावर जाण्यात नसून जाण्याला जो अर्थ चिकटविला जातो त्यात आहे. ‘निसर्गाच्या सान्निध्यात शांती मिळते’ हे वाक्य हल्ली औषधाच्या बाटलीवरील चिठ्ठीसारखे सर्वत्र दिसते. ज्याला केवळ शांती हवी तो डोंगराला झोपेच्या गोळीप्रमाणे वापरतो, आणि सोमवारी पुन्हा तसाच उठतो. कांटने एके ठिकाणी असे प्रतिपादन केले आहे की, निसर्गाच्या सौंदर्यात सरळ, निर्हेतुक गोडी असणे हे चांगल्या अंतःकरणाचे लक्षण होय. कलेच्या जाणकारांविषयी मात्र तशी ग्वाही देण्यास तो तयार नाही. कलेचे जाणकार पुष्कळदा पोकळ आणि मानी निघतात असा त्याचा अनुभव असावा. अनुभव आमचाही तसाच आहे. परंतु यातला महत्त्वाचा शब्द ‘निर्हेतुक’ हा आहे. प्रकृतीसाठी, शांतीसाठी, वजन उतरावे म्हणून किंवा छायाचित्र काढून दाखवावे म्हणून जो चढतो त्याच्या चढण्यात दोष काहीच नाही. मात्र कांटची ग्वाही त्याला लागू पडत नाही.

मग आम्हांस या उद्योगातून मिळते तरी काय? मोठे शब्द टाळून सांगावयाचे तर एवढेच की, आपल्यासाठी नसलेल्या काही गोष्टींशी आपली ओळख होते. एक उदाहरण देतो. दोडका व घोसाळे या एकाच कुळातल्या भावंडांसारख्या वेली. पाने सारखी, फुले दोघांचीही पिवळी. आमच्या कुंपणावर त्या शेजारी शेजारी आहेत. घोसाळ्याचे फूल सकाळी उमलते आणि दोडक्याचे संध्याकाळी. शाळा-कॉलेजांतून आयुष्य गेले तरी मला हे ठाऊक नव्हते, कारण संध्याकाळी पाचला दोडक्याच्या वेलाखाली उभे राहण्याचे मला काही प्रयोजनच नव्हते. पाण्याची पाळी माझी होती म्हणून मी तेथे होतो. सकाळी घोसाळ्यावर मधमाश्या असतात. दोडक्याकडे तिन्हीसांजेला बारीक पतंग येतात. त्याच वेलावर नर फुले निराळी आणि मादी फुले निराळी. मादी फुलाच्या मागे बोटाएवढा कोवळा दोडका आधीपासूनच धरलेला असतो, आणि पतंग आला नाही तर तो पिवळा पडून गळून जातो. या सर्व व्यवहारात माझा हात कोठेच नाही. मी पाणी घालतो, पण दोडका काही माझ्यामुळे होत नाही. जो दिवसभर वर्गात बोलतो, ज्याच्या शब्दावर शेपन्नास मुले माना डोलावतात (निदान तसे दाखवितात), त्याला असे कोठे तरी अनावश्यक असणे फार हितावह असते. अहंकार उपदेशाने कमी होत नाही. ज्या ठिकाणी त्याला काही कामच नाही अशा ठिकाणी त्याला नेऊन बसवावे लागते.

टेकडीचेही असेच आहे. पुण्याच्या टेकड्यांवर मैलोगणती गिरिपुष्पाची झाडे दिसतात. वसंताच्या तोंडावर ती फिकट गुलाबी फुलांनी भरून जातात व नवखा माणूस हरखून जातो. आम्हीही पहिली काही वर्षे हरखत होतो. पुढे हळूहळू कळले की हे झाड मध्य अमेरिकेतले. येथे ते लावले गेले ते लवकर वाढते म्हणून. आणि त्याच्या दाटीखाली सालई, मेडशिंगी, गणेर, धामण ही मूळची झाडे मागे पडतात. तेव्हापासून त्या गुलाबी बहराकडे पाहताना पूर्वीचा निर्भेळ आनंद होत नाही. ज्ञानाने सुख वाढतेच असे नाही. मात्र दोन गणेरी खडकाच्या कपारीत टिकून आहेत आणि त्या फेब्रुवारीत पाने झाडून सोन्यासारख्या फुलतात, हे आम्हांला माहीत आहे, आणि दरवर्षी त्या आहेत की नाहीत हे पाहावयास आम्ही जातो. ही गोडी निर्हेतुक आहे की नाही हे मला सांगता येत नाही. तिच्यात काळजी मिसळलेली आहे एवढे खरे. (परदेशी झाडांविषयी फार कडवेपणा मात्र मला जमत नाही. आमच्या वाफ्यातली मिरची व टोमॅटो ही दोन्ही अमेरिका खंडातूनच आली, आणि मिरचीवाचून मराठी स्वयंपाकाची कल्पना आज कोण करील?)

दोघांनी मिळून चालण्याविषयीही थोडे लिहावयास हवे. घरात नवराबायको समोरासमोर बसून बोलतात. विषय ठरलेले असतात, दूध, बिले, मुलांचे शिक्षण, आईवडिलांची औषधे. आणि समोरासमोर बसले की प्रत्येक बोलणे हळूहळू तक्रारीचे किंवा हिशोबाचे रूप घेते. पायवाट अरुंद असते. तेथे एक पुढे, एक मागे असे चालावे लागते. तोंडे एकाच दिशेला असतात. मध्ये अर्धा तास कोणी काही बोलत नाही, आणि ते न बोलणे अबोला नसते. आमच्या संसारातले दोन-तीन कठीण निर्णय याच वाटेवर झाले; समोरासमोर बसून ते झाले असते असे मला वाटत नाही. याज्ञवल्क्याने घर सोडून जाण्याच्या वेळी मैत्रेयीशी आत्म्याविषयी संवाद केला असे बृहदारण्यकात आहे. इतका महत्त्वाचा संवाद निघण्याच्या वेळेपर्यंत का राहिला असावा, असा प्रश्न माझ्या पत्नीने एकदा केला होता. त्याचे उत्तर भाष्यकारांनी दिलेले माझ्या तरी पाहण्यात नाही.

आता ताकवाल्या बाईच्या प्रश्नाकडे वळतो, कारण वरील सर्व लाभ खरे मानले तरी ते ज्याला फुरसत आहे त्याचेच लाभ आहेत. अॅरिस्टॉटलने फुरसतीला मनुष्यजीवनात फार उच्च स्थान दिले. आपण धडपडतो ती अखेर फुरसतीसाठीच, असे त्याचे मत. परंतु त्याच्या फुरसतीखाली गुलामांचे श्रम गृहीत धरलेले होते, आणि त्याबद्दल त्याला अवघडल्यासारखे झाले नाही. आपल्याला होते, ही प्रगतीच म्हणावयाची. पण अवघडून करावयाचे काय? काही तत्त्वनिष्ठ मंडळी म्हणतील, सर्वांना मिळत नाही ते आपणही घेऊ नये. हे मला पटत नाही. मी गड चढणे सोडल्याने कोणाच्या डोक्यावरची कळशी हलकी होत नाही. उलट तिचे दोन पेले ताक कमी खपते.

याहून अधिक विचार करण्याजोगे एक उदाहरण इंग्लंडच्या इतिहासात आहे. १९३२ च्या २४ एप्रिलला मँचेस्टर व आसपासच्या गिरण्या-कारखान्यांतले शेकडो तरुण कामगार किंडर स्काउट नावाच्या डोंगराळ माळावर मुद्दाम घुसले. तो माळ उमरावांच्या मालकीचा. तेथे वर्षातून थोडे दिवस पाखरांची शिकार चाले, आणि एरवी पाय टाकावयास बंदी असे. राखणदारांशी झटापट झाली, आणि पाच तरुणांना काही महिन्यांच्या कैदेच्या शिक्षा झाल्या. रविवारी डोंगरात चालता यावे म्हणून ही माणसे तुरुंगात गेली. पुढे १९४९ साली त्या देशात राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला आणि १९५१ साली स्थापन झालेल्या पहिल्याच उद्यानात तो माळ समाविष्ट झाला. सहा दिवस यंत्रापुढे उभे राहणाऱ्या माणसाला सातव्या दिवशी पुन्हा पायपीट कशाला हवी, असे त्या वेळच्या पुष्कळ शहाण्यांना वाटले असणार. परंतु त्याला ती हवी होती. कष्टकऱ्याला फक्त विश्रांती हवी असते, आनंद नव्हे, हा समज सुखवस्तू लोकांनी स्वतःच्या सोयीसाठी करून घेतलेला आहे. त्या बाईलादेखील रिकाम्या हाताने, कळशीवाचून, एखाद्या सकाळी गड चढावयास आवडेल की नाही, हे मी तिला विचारले नाही आणि आजही तिच्या वतीने सांगणार नाही. मात्र आवडणार नाही असे धरून चालण्याचा अधिकार मला नाही.

आमच्या शहरातही हा प्रश्न निराळ्या रूपाने उभा आहे. २०२३ साली वेताळ टेकडीवरून नेऊ घातलेल्या रस्त्याविरुद्ध पुणेकरांनी मोर्चा काढला. त्यात आम्ही उभयतां होतो. टेकडी राखावी असे ज्यांना वाटते त्यांत टेकडीलगतच्या चांगल्या घरांत राहणाऱ्यांचा भरणा असतो, असा टोमणा त्या वेळी ऐकू आला, आणि तो सर्वस्वी खोटा नव्हता. परंतु पहाटे टेकडीवर जाऊन पाहिले तर तेथे घरकाम आटोपून आलेल्या बाया दिसतात, पोलीसभरतीसाठी धावणारी पोरे दिसतात, लाकूडफाटा वेचणाऱ्या म्हाताऱ्या दिसतात, रात्रपाळी करून परत जाणारे रखवालदार कठड्यावर बसलेले दिसतात. तिकीट न काढता, कोणाची परवानगी न मागता ज्या उंचीवर जाता येते अशी शहरात उरलेली जागा ही एकच. ती गेली तर सुखवस्तू लोक आपापली वाहने काढून दूरच्या डोंगरांत जातील. इतरांनी कोठे जावे? टेकडीचे रक्षण ही हौशी माणसांची हौस आहे असे म्हणणाऱ्यांनी या प्रश्नाचे उत्तर द्यावयास हवे. आणि हौशी माणसांनीही हे ओळखावे की, ज्या सुखावर आपला एकट्याचा हक्क नाही त्याचे रक्षण करणे अधिक सोपे असते, कारण ते करताना मान खाली घालावी लागत नाही.

एवढे लिहिले तरी एक बारीकसा व्यावहारिक पेच राहतोच, आणि तो आमच्या घरात गेली दोन वर्षे चर्चेचा विषय झालेला आहे. आमच्या आळीत एक भाजीवाली बाई हातगाडी घेऊन येते. मुठा नदीपलीकडून ती पहाटे मंडईत जाते व तेथून माल भरून आमच्याकडे येईपर्यंत नऊ वाजतात. आमची मेथी निघाली की त्या आठवड्यात आम्ही तिच्याकडून मेथी घेत नाही. वेलांना बहर आला की दोडकी, घोसाळी, कारलीही घेत नाही. आमचा छंद जितका यशस्वी, तितके तिचे गिऱ्हाईक कमी. एका घराने तिचे काय जाते, असे म्हणता येईल. पण आळीत आता सात-आठ घरी असे वाफे झाले आहेत, आणि त्यांतल्या दोघांना बियाणे आम्हीच दिलेले आहे. माझ्या पत्नीने यावर तोडगा काढला तो असा की, आमच्या गरजेहून जास्त निघालेली भाजी शेजाऱ्यांना फुकट वाटण्याऐवजी त्या बाईला द्यावी, तिने ती विकावी आणि पैसे तिनेच ठेवावेत. गेल्या श्रावणात घोसाळ्यांचा सुकाळ झाला होता, तेव्हा टोपलीभर घोसाळी घेऊन ती गाडीपाशी गेली. बाईने टोपलीकडे पाहिले, एक घोसाळे उचलून नखाने दाबून पाहिले, आणि परत ठेविले.

‘काकू, घोसाळ्याला गिऱ्हाईक नाही,’ ती म्हणाली. ‘भजी करून खायला दोन घरं घेत्यात, बाकी वाळून जातं. दोडका असंल तर द्या.’

यंदा मृगाच्या पावसाबरोबर आम्ही दोडक्याचे तीन वेल जास्त लावले आहेत.